डावा हात पाहून दार उघडा

३ मार्च, मंगळवार
सकाळी, दुकान उघडायच्या आधी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचा पत्ता वाचायच्या आधीच अक्षर ओळखलं. एवढी शाळेची मुख्याध्यापिका झालीस, पण 'र' अजून कंबरेत वाकलेलाच काढतेस. दोन वर्षांनी तुझं पत्र आलं म्हणून आधी थोडं रडून घेतलं, मग चहा केला, मग पुन्हा वाचलं. फोन नको, पत्रच लिहू, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. काकू गेल्या आणि नाना एकटे उरले, तेव्हा 'बापाला वाऱ्यावर सोडून निघालीस' असं मी तुला बोलले, तेही फोनवरच. लिहायचं असतं तर हात थांबला असता.

इकडे सगळे बरे आहोत. ह्यांचा टेम्पो चालतो आहे, सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत, आणि मी अजून त्याच औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापते आहे.

आता नाना. 'खरं सांग, कसे आहेत' असं तू विचारलंस. खरंच सांगते, तब्येतीने खुटखुटीत आहेत. कान मात्र पार गेले. चाळीस वर्षं लेथच्या आवाजात काढली, दुसरं काय होणार? यंत्र लावायचं नाही म्हणतात. 'लोक जे बोलतात त्यातलं ऐकण्यासारखं असतं किती?' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रोज रात्री तुला 'ठीक' असा एकच शब्द मोबाइलवरून पाठवतात, याचा त्यांना कोण अभिमान! मला दाखवतात, 'बघ, पोरीला कळवलं.'

आणि ते एकटे नाहीत, हे तुला सांगायलाच मी आज लवकर उठले. आपलं गाईड पथक अजून जिवंत आहे, आणि मीच त्याची कॅप्टन आहे. मध्यंतरी फक्त नऊ मुली उरल्या होत्या. पालक म्हणायचे, खाकी-निळे कपडे घालून दोऱ्यांच्या गाठी मारत बसण्यापेक्षा शिकवणीला जाऊ दे. आज सव्वीस आहेत, आणि त्या दुपारच्या फेरीमुळे आल्या. आपल्या भागात एकतीस घरं अशी आहेत, जिथे म्हातारी माणसं एकटी किंवा दोघंच राहतात. शाळा सुटली की साडेचारला मुली दोघी-दोघी निघतात. औषधं पोचवतात, दिवा बदलून देतात, मोबाइलवर आलेला मेसेज खरा की फसवणुकीचा ते वाचून सांगतात. कुणाला काहीच नको असतं, तिथे नुसत्या बसतात. तुझ्या नानांकडे चष्मिस नावाची (म्हणजे आम्हीच ठेवलेल्या नावाची) बारा वर्षांची संघनायिका आणि तिची जोडीदारीण जातात. नाना त्यांना पट्टीवर इंचाचा आठवा भाग, म्हणजे सूत, मोजायला शिकवतात.

एक अडचण होती. गेल्या वर्षी 'गॅसची तपासणी करायची आहे', 'बँकेतून आलोय' असं सांगून लोकांनी इतक्या घरांत गंडा घातला, की म्हातारी माणसं बेल वाजली तरी दचकायची. आमच्या मुलींनाही दार उघडेनात. मग मला सुचलं. आपण स्काउट-गाईड डावा हात मिळवतो. जगात दुसरं कुणी मिळवत नाही. म्हणून साखळी लावूनच दार किलकिलं करायचं, बाहेरच्याने फटीतून डावा हात पुढे केला तर तो आपला, नाही तर दार बंद. एकतीसही घरांना मुलींनी हे गुपित म्हणून शिकवलं, तोंडावर बोट ठेवून. आजी-आजोबांना इतकी गंमत वाटली, विचारू नकोस. ऐकू न येणाऱ्या नानांना तर हे फारच सोयीचं झालं. त्यांनी चक्क दाराला कमरेच्या उंचीवर एक चौकोनी झरोका पाडला आणि त्याला पितळी झाकण बसवलं. बेल दाबली की आत दिवा लागतो, नाना झाकण सरकवतात, मुलगी हात आत घालते, नाना तो मिळवतात आणि मगच कडी काढतात.

फेब्रुवारीत गाईडच्या चिंतन दिनाच्या कार्यक्रमाला वर्तमानपत्राची बातमीदार आली होती. तिने छान मोठी बातमी केली. कात्रण सोबत पाठवते आहे, सांभाळून ठेव. मथळाच आहे, 'डावा हात पाहून दार उघडा'. फोटोत मी जरा जाड दिसते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तेव्हा काळजी करू नकोस. मी आहे.

तुझी,
निरगाठ

ता. क. संध्याकाळ. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं की वाईट, कोण जाणे. दुकानात बातमी आली, आपल्या सिस्टरबाईंकडे (सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आपल्या यादीतलं सातवं घर) काल दुपारी चोर शिरला. अंगावरचं सोनं काढून घेतलं आणि त्यांना न्हाणीघरात कोंडलं. साडेचारला मुली गेल्या तेव्हा कडी निघाली. माझ्या हातून आज दोनदा चुकीची बाटली उचलली गेली. तू नानांना यातलं काही लिहू नकोस, उगाच घाबरतील.


१३ मार्च, शुक्रवार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र परवाच आलं, पण लिहायला बसवत नव्हतं. कात्रण तू शाळेच्या फलकावर लावलंस हे वाचून बरं वाटायला हवं होतं.

प्रकृती ठीक म्हणायची. झोप नाही. शिबिरात तंबूच्या बाहेर काही सळसळलं की मी तुझ्या पांघरुणात शिरायचे आणि तू ओरडायचीस, ते आठवतं का? तशी पाचावर धारण बसली आहे, आणि तीही दिवसाढवळ्या. दुपारी दोन ते चार ही वेळ जाता जात नाही. दुकानात गिऱ्हाईक नसतं, रस्ता सुनसान असतो, पंखा कुरकुरतो, आणि मी नुसती एकतीस दारं मोजत बसते.

कारण दुसरं घर फुटलं. निवृत्त तिकीट तपासनीस आणि त्यांच्या बाईसाहेब, यादीतलं एकोणिसावं. दोघांना खुर्च्यांना बांधलं. मारलं नाही. त्या बाई सांगत होत्या, फार गोड बोलत होता, 'आजी, दुखत नाही ना?' असं विचारून गाठ सैल केली. भिंगरी, मला मारण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

दोन्ही घरं आपल्या यादीतलीच. पोलीस म्हणतात, म्हातारी माणसं एकटी असतात, चोराला ते दिसतंच, त्यात नवल काय. खरं आहे. दार कसं उघडलं हे कुणाला नीट सांगता येत नाही. वय झालं की माणूस सवयीने उघडतो. मी सिस्टरबाईंना भेटून आले. जवळ बसवून घेतलं, माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. बोलल्या थोडंफार. म्हातारं माणूस, घाबरलेलं, काय बोलतं त्याला फारसा अर्थ नसतो.

सासूबाईंना मात्र मी बजावलंय, की कुणी येवो, अगदी आपल्यातलं येवो, मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. त्या म्हणाल्या, 'अगं, आपल्यातल्याला काय झालं?' मी म्हटलं, 'मला विचारू नका, उघडू नका म्हणजे झालं.' आता रुसून बसल्या आहेत. बसू देत.

नानांकडे मंगळवारी गेले होते. त्यांना काही सांगायचं मनात होतं. पाटीवर लिहूनच सांगावं लागतं, ते तुला ठाऊक आहे. खडू हातात घेतला होता. तेवढ्यात त्यांनी मला पितळी झाकणाला केलेली नवी खाच दाखवली, आता ते बोटाच्या टोकाने सरकतं. इतके खूश होते, की मी पाटीवर 'छान' एवढंच लिहिलं आणि आले. पुढच्या आठवड्यात सांगेन.

एकवीस तारखेला वरच्या कार्यालयातून बाई पथकाची तपासणी करायला येणार आहेत. फेरी त्यांना पसंत पडली तर शाळेतली ती कोपऱ्यातली खोली आपल्याला कायमची मिळेल. तुला आठवत असेल, पूर्वी आपल्याला जिन्याखाली उभं राहून शिट्या वाजवाव्या लागायच्या. मुख्याध्यापक आधीच कुरकुरतात, 'मुलींना परक्या घरांत पाठवता, उद्या काही झालं तर?' पालकांच्या कानावर नको ते गेलं तर आठवड्यात सव्वीसच्या सहा होतील. आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे. मुलींना मी सध्या तिघी-तिघी पाठवते आणि गळ्यात शिटी सक्तीची केली आहे.

तुझी परीक्षा नीट पार पडो. केंद्रसंचालक म्हणजे डोक्याला ताप. वेळेवर जेवत जा.

तुझी,
निरगाठ


२० मार्च, शुक्रवार
कुरिअरने

प्रिय भिंगरी,

सकाळी फोनवर तू फार घाबरलीस, म्हणून लेखी कळवते. लेखी असलं की तुला पटतं.

नाना काल दुपारी घरात घसरून पडले. कपाळाला लागलं, डोक्याला टाके आहेत. रात्री 'ठीक' आलं नाही, ते दवाखान्यात मोबाइल जवळ नव्हता म्हणून. आज मी तो आणून ठेवला आहे, म्हणजे मेसेज पुन्हा येतील. डॉक्टर चांगले आहेत. मी रजा टाकली आहे आणि त्यांच्याजवळच असते. जेवण घरचं नेते.

तू धावत येण्यासारखं काही नाही. सत्तावीसला परीक्षा संपते, त्यानंतर सवडीने ये. एवढी मुलं तुझ्यावर अवलंबून आहेत.

मी आहे.

तुझी,
निरगाठ


२३ मार्च, सोमवार
सकाळचे सहा

भिंगरी,

हे पत्र घेऊन आमचे हे स्वतः तुझ्या दारात उभे आहेत. टेम्पो खालीच आहे. आधी चार कपडे पिशवीत टाक, मग वाच, आणि वाचून झालं की त्यांच्याबरोबर निघ. परीक्षेचं दुसऱ्या कुणाला तरी सांग. त्यांना सगळं ठाऊक आहे, पण वाटेत त्यांना विचारू नकोस. मलाही ते काल रात्रीपासून एका शब्दाने बोललेले नाहीत.

फोन का केला नाही, हे तू सर्वांत आधी विचारशील. दोनदा केला. शनिवारी आणि काल. तू 'हॅलो' म्हटलंस आणि माझ्या तोंडून 'बरे आहेत' असंच बाहेर पडलं. तिसऱ्यांदाही तेच झालं असतं, एवढं मी स्वतःला ओळखते. म्हणून लिहिते आहे. हात खोटं लिहायला लागला की निदान थांबवता तरी येतो. शुक्रवारी तोही थांबवला नाही.

नाना घसरले नाहीत. गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला बेलचा दिवा लागला, त्यांनी झाकण सरकवलं आणि झरोक्यातून एक डावा हात आत आला. त्यांनी तो मिळवला आणि कडी काढली.

पुढचं शेजारच्या घरातल्या बाईंनी अर्धवट पाहिलंय. तिशीतला माणूस, नीटनेटका, गळ्यात आपल्यासारखा स्कार्फ. नानांनी त्याला आत घेतलं, मग काहीतरी संशय आला असावा, कारण ते त्याला दाराबाहेर ढकलत होते. त्याने उलट ढकललं. नाना मागे पडले ते कामाच्या टेबलावर. काम घट्ट पकडून ठेवायला त्या टेबलाला बसवलेला लोखंडी शेगडा तुला माहीत आहे. त्यावर डोकं आपटलं.

साडेचारला चष्मिस आणि दोघी गेल्या, तेव्हा दार सताड उघडं होतं. आत पहिलं पाऊल तिने टाकलं. भिंगरी, ती बारा वर्षांची आहे. तिने एकीला शिटी वाजवत रस्त्यावर पाठवलं, दुसरीला फोन करायला सांगितलं, आणि स्वतःचा स्कार्फ सोडून, घडी घालून, नानांच्या डोक्याला दाबून धरला. मी शिकवलं होतं तसाच, मान न हलवता. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. तितका वेळ तिने हात काढला नाही. डॉक्टर म्हणाले, त्या पोरीमुळे हे इथपर्यंत पोचले.

आता मी तुला ते सांगते, जे तेरा तारखेच्या पत्रात 'फारसा अर्थ नसतो' म्हणून गुंडाळलं होतं.

सिस्टरबाईंनी माझा हात धरला आणि अगदी कानाशी येऊन सांगितलं, 'तुमचाच माणूस होता गं. गोळ्या आणल्यात म्हणाला, डावा हात पुढे केला, म्हणून मी साखळी काढली. पण पोलिसांना मी हाताचं काही बोलले नाही हं. मुलींना शब्द दिलाय ना, गुपित म्हणून.' आणि माझ्याकडे पाहून हसल्या. शाबासकीची वाट पाहत होत्या. त्यांच्या दंडावर पकडीचे वळ होते, आणि त्यांना वाटत होतं, आपण गुपित राखलं.

गुपित मीच फोडलं होतं. बातमीदाराला. तिने साधं विचारलं होतं, 'म्हातारी माणसं अनोळखी मुलींना घरात घेतात कशी?' मला 'ते आमचं आम्हांला माहीत' म्हणून हसून सोडून देता आलं असतं. पण समोर माईक होता, मुली कौतुकाने बघत होत्या, मला मिरवायचं होतं. सगळं सांगितलं. वर झरोक्याचाही किस्सा सांगितला, तुझ्या नानांचा, अगदी गल्लीसकट. कात्रण पुन्हा काढून वाच. खाली दुसऱ्या रकान्यात आहे.

चार तारखेला सिस्टरबाईंनी सांगितलं त्या क्षणापासून मला सगळं कळलं होतं. एका दुपारी एकतीस घरं फिरून सांगता आलं असतं, 'डावा हात आता विसरा.' पण सांगितलं की मुलींना कळणार, मुलींकडून पालकांना, पालकांकडून मुख्याध्यापकांना, आणि बाई तपासणीला येण्याआधीच पथक बंद. मी मनाशी म्हटलं, एवढी तपासणी होऊ दे. मग तिकीट तपासनीसांचं घर फुटलं. तरी म्हटलं, आठच दिवस.

आणि ज्या संध्याकाळी सिस्टरबाईंकडून आले, त्याच संध्याकाळी मी एका घरी सांगितलं. फक्त एका. सासूबाईंना. एकतीस घरं सोडून यादीत नसलेलं माझं घर वाचवलं. तुझं राहू दिलं. नानांच्या पाटीवर मी 'छान' लिहिलं. तुला बापाला वाऱ्यावर सोडणारी म्हणणारी मी.

हे मी कुणालाच सांगितलं नसतं. खरंच सांगते. गुरुवारी दवाखान्यात उभी असतानाही डोक्यात एकच चालू होतं, की नाना बोलू शकत नाहीत, शेजारच्या बाईंनी हात पाहिलेला नाही, म्हणजे अजून कुणाला ठाऊक नाही. स्वतःच्याच मनाची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. शुक्रवारी तुला ते पत्र लिहिलं. त्या रात्री आणि शनिवारी रात्री तुला नानांच्या मोबाइलवरून जे 'ठीक' आलं, ते मी पाठवलं. त्यांच्या उशाशी बसून. तू उलट 'झोपा आता' असं पाठवलंस, तेही मीच वाचलं.

शनिवारची तपासणी झाली. नानांबद्दल हळहळून बाई शाबासकी देऊन गेल्या. त्यानंतर काल सकाळी चष्मिसची आई दवाखान्यात आली. पोरगी तीन दिवस जेवत नाही, सारखी हात धुते म्हणाली. मी गेले. ती गच्चीच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली, ताठ उभी राहिली, सवयीने. आणि म्हणाली, 'कॅप्टन, नानांना डाव्या हाताचं मीच शिकवलं होतं. त्यांना पटकन कळत नव्हतं, तर मी चार वेळा शिकवलं. मी नीट नसतं शिकवलं तर त्यांनी दार उघडलं नसतं ना?'

तिला सगळं समजलं होतं. गुरुवारीच, सरकवलेलं पितळी झाकण बघून. पण आम्हां मोठ्यांपैकी कुणी काही बोलत नव्हतं, म्हणून तिने गुन्हा स्वतःवर घेतला आणि गप्प बसली.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. बातमीदारापासून सासूबाईंपर्यंत सगळं. ती ऐकत होती. मधे एकदाच तिने विचारलं, 'म्हणजे तुम्हांला आधी माहीत होतं?' मी हो म्हटलं. ती एक पायरी वर सरकली, माझ्यापासून लांब. बस, इतकंच. नंतर खाली जाऊन आईला म्हणाली, भूक लागली.

तिथून थेट पोलीस चौकीत गेले. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, 'बाई, हे अठरा दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर आम्ही त्याच्यासाठी दारामागे बसलो असतो.' मग संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापक, दोन हवालदार आणि मी एकतीस घरं फिरलो. प्रत्येक दारात मीच सांगितलं, माझ्याच तोंडाने. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सिस्टरबाई म्हणाल्या, 'म्हणजे मी बोलले असते तर नानांचं हे टळलं असतं?' मी म्हटलं, 'तुम्ही मला सांगितलं होतंत. पुढे सांगायचं माझ्याकडे होतं.' त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलेलं नाही. आता त्याही रात्र-रात्र जागतील.

तो माणूस अजून सापडलेला नाही. आज दुपारीही तो कुठेतरी असेल, गोड बोलत. फेरी बंद आहे. पालकांची बैठक संध्याकाळी आहे, तिथे मी माझा स्कार्फ ठेवून येणार आहे. पथक राहील की नाही, ठाऊक नाही. चष्मिसच्या आईने मात्र विचारलं, म्हाताऱ्यांची औषधं आता कोण पोचवणार?

आता नानांचं. त्यांनी गुरुवारपासून डोळे उघडलेले नाहीत. अतिदक्षता विभागात आहेत. डोक्यात आत रक्त साकळलंय. औषधाने उतरतंय का ते डॉक्टर बघत होते, काल म्हणाले, उतरत नाही, उद्या मंगळवारी कवटी उघडावी लागेल. वय बघता काही सांगता येत नाही, हेही म्हणाले. लपवत नाही. तुझ्यापासून आता काही लपवायचं उरलेलं नाही. मी त्यांचा हात धरून बसते, पण त्यांना तो कुणाचा आहे हे कळू नये असंही वाटतं.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तो शब्द मागून मिळवायचा नसतो, आणि नाना उठेपर्यंत मला तो मागायचा हक्कही नाही. तू आलीस की मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसेन. 'जा' म्हणालीस तर घरी जाईन.

पण त्याआधी एक गोष्ट. गुरुवारी त्यांना आत नेताना तिथल्या माणसाने कागद पुढे केला. रुग्णाशी नातं काय, असं विचारत होता. 'घाई करा' म्हणाला, आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी 'मुलगी' असं लिहिलंय. उद्याच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर त्याच मुलीची सही लागणार आहे. माझ्याच्याने ती होत नाही.

ये, आणि ते खोडून तुझं नाव लिही.

नानांच्या खाटेपाशी,
तू येईपर्यंत,
मी